गावाकडची पदवी, शहरातली मुलाखत: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात मी प्लेसमेंटचं काम बघते. ही हकिगत आमच्या २०२३ च्या बॅचमधल्या एका विद्यार्थिनीची आहे. तिच्या परवानगीनं लिहिते आहे. नाव, गाव आणि कंपन्या दिलेल्या नाहीत, आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत.

मुलगी धाराशिव जिल्ह्यातली. गाव तालुक्यापासून बरंच आत, दिवसातून एसटीच्या दोन फेऱ्या. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, दहावी शेजारच्या गावातल्या हायस्कूलमधून सेमी-इंग्रजीत, बारावी तालुक्याला. घरची साडेतीन एकर जमीन, त्यातली एकरभरच विहिरीच्या पाण्यावर, आणि डेअरीला दूध घालायला दोन म्हशी. सीईटी देऊन कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीतून ती आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमला लागली. निम्मी फी शिष्यवृत्तीतून सुटायची, उरलेली वडील दरवर्षी सोयाबीन विकलं की भरायचे. शेवटच्या वर्षाला सीजीपीए (सरासरी गुणांक, दहापैकी) ८.१ आणि एकही विषय राहिलेला नाही.

तिच्याच वर्गात पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेली एक मुलगी होती. तीही कॅपमधूनच इकडे आलेली, सीजीपीए ७.६. दोघी हॉस्टेलवर एकाच खोलीत राहायच्या, एकमेकींच्या वह्या वापरायच्या. अभ्यासक्रमात शेवटच्या सत्रात बाहेर इंटर्नशिप करायची मुभा होती. शहरातल्या मुलीनं ती पुण्यात घेतली, बिनपगारी, घरी राहून. गावाकडच्या मुलीनं कॉलेजातच प्रोजेक्ट करायचं ठरवलं, कारण पुण्यात सहा महिने राहायचा खर्च घरून निघणार नव्हता. तेव्हा हा निर्णय किरकोळ वाटला. फॉर्मवर दोन पर्याय होते, तिनं दुसऱ्यावर खूण केली. पुढं जे झालं त्याची सुरुवात मात्र तिथंच आहे, असं माझं मत आहे.

अडचण

२०२३ हे साल नव्या पदवीधरांना जड गेलं. आदल्या वर्षी आयटी कंपन्यांनी भरमसाट भरती केली होती, २०२३ मध्ये मात्र त्यांनी हात आखडता घेतला. ऑफर लेटर हातात असलेल्यांचंही जॉइनिंग लांबत गेलं. आमच्यासारख्या आडबाजूच्या कॉलेजात कंपन्या एरवीही मोजक्याच येतात. बाकी सगळा भर पुण्यातल्या पूल कॅम्पसवर, म्हणजे पाच-पंचवीस कॉलेजांची मुलं एका ठिकाणी बोलावून घेतलेल्या निवडीवर.

जानेवारीत असाच एक पूल कॅम्पस हिंजवडीला होता. रिपोर्टिंग सकाळी साडेआठला. मुलगी आणि तिचे वडील रात्रीच्या एसटीनं निघाले, पहाटे स्वारगेटला उतरले. स्टँडवरच तोंड धुणं, कपडे बदलणं, मग पीएमपीची बस. वडील दिवसभर गेटबाहेर बसून. अॅप्टिट्यूडची परीक्षा ती पास झाली. ग्रुप डिस्कशनमध्ये आठ जण एकदम बोलायला लागले आणि तिला शिरायला फटच सापडली नाही. चारला यादी लागली, तिचं नाव नव्हतं. परत रात्रीची एसटी.

पिंपरीची मुलगीही तिथं होती. घरून नाश्ता करून, वडिलांच्या दुचाकीवरून आलेली. तीही ग्रुप डिस्कशनमध्येच गेली.

दोघींना एकच नकार, एकाच दिवशी, एकाच फेरीत. पण पिंपरीच्या मुलीनं त्याच आठवड्यात बाणेरला दुसरा वॉक-इन, म्हणजे थेट जाऊन द्यायची मुलाखत, दिला, पुढच्या आठवड्यात तिसरा. गावाकडच्या मुलीला दुसऱ्या मुलाखतीला जायला मार्च उजाडला. दोघांचा प्रवास, शहरातलं खाणं, वडिलांचा बुडालेला दिवस, म्हशींच्या धारेला सांगितलेला शेजारी: एका खेपेला चौदाशे-पंधराशे रुपये आणि घरात एक मोठी चर्चा, असा तो हिशेब होता. मार्चमध्ये एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, तेवढा भार हलका झाला. वडिलांचं तिकीट पूर्णच होतं, आणि एकटीला पाठवायला घर तयार नव्हतं.

मार्चच्या मुलाखतीत तिनं ‘सेल्फ इंट्रोडक्शन’ सुरू केलं. आमच्याकडची बहुतेक मुलं ते पाठ करतात: माझं नाव अमुक, मी मध्यमवर्गीय कुटुंबातली, कष्टाळूपणा ही माझी ताकद, वगैरे इंग्रजीत. मधेच समोरच्यानं काहीतरी विचारलं, दोर तुटला, आणि तिनं ‘सॉरी सर’ म्हणत पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. एप्रिलमध्ये एक फोनवरची फेरी होती, ती रेंज गेल्यामुळं अर्धवट राहिली. कंपनीनं पुन्हा फोन केला नाही.

त्यानंतर तिनं फॉर्म भरणंच बंद केलं. माझ्याकडच्या नोंदणीच्या याद्यांमध्ये दोन-तीन वेळा तिचं नाव दिसलं नाही म्हणून मी बोलावून घेतलं. ती म्हणाली, “मॅडम, माझं इंग्लिश कच्चं आहे. आधी ते पक्कं करते, मग देते मुलाखत.”

निदान नेमकं काय होतं

इंग्रजीचा मुद्दा खोटा नव्हता. इंग्रजीच्या जोरावर कमाईत किती फरक पडतो यावर मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश यांचा एक अभ्यास आहे. २००५ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या आधारे त्यांनी दाखवलं, की अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची ताशी कमाई इंग्रजी अजिबात न येणाऱ्यांपेक्षा सरासरी ३४ टक्के जास्त होती, आणि हा फरक शिक्षण वगैरे गोष्टी जमेस धरूनही उरला होता. पण पिंपरीच्या मुलीचं इंग्रजीही काही अस्खलित नव्हतं. तीसुद्धा पहिल्या चार-पाच मुलाखतींत अडखळलीच. फक्त तिला पुढच्या डझनभर मुलाखती मिळाल्या, आणि त्यांत ती शिकली. कोणता प्रश्न येतो, कुठं थांबायचं, येत नसेल तर ‘येत नाही’ कसं म्हणायचं, हे वर्गात शिकवून येत नाही. नकार खाऊनच येतं.

म्हणून मी या प्रकरणाकडं असं बघते: दोघींमधला खरा फरक नकार पचवायच्या ऐपतीचा होता. शहरातल्या मुलीला एक नकार म्हणजे दुपारचं जेवण उशिरा. गावाकडच्या मुलीला एक नकार म्हणजे वडिलांसमोर पुढच्या खेपेचं समर्थन करणं. तीन नकारांत तिची शिल्लक संपली.

यात एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘गाव’ म्हणजे सगळं एकसारखं नसतं. तिच्याच तालुक्यातला एक मुलगा, घरची वीस एकर बागायत, थोरला भाऊ वाकडला फ्लॅटमध्ये. तो शेवटचं सत्र भावाकडंच राहिला आणि जूनपर्यंत नोकरीला लागला. पत्ता त्याचाही खेड्यातलाच. घरची जमीन किती, शहरात आपलं कोण आहे, आणि जात कोणती, या तीन गोष्टी कायम ‘ग्रामीण’ या एका शब्दाखाली झाकल्या जातात. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २००७ मध्ये दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर लिहिलं होतं. गुणवत्तेशिवाय काहीच बघत नाही म्हणणारे अधिकारी उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी मात्र आवर्जून विचारत, आणि तीवरून त्याचा अंदाज बांधत. पुण्यातल्या मुलाखतींतही ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न आमच्या मुलांना हमखास येतो. आमची ही मुलगी त्यावर ‘फार्मर’ म्हणायची आणि खाली बघायची.

कोणते पर्याय होते

मे महिन्यात वडील कॉलेजात आले. आम्ही तिघं बसलो आणि जे जे समोर होतं ते कागदावर लिहून काढलं.

पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास हा सगळ्यात चर्चेतला पर्याय. फी पंचेचाळीस हजार, वर कॉट बेसिसवर राहणं आणि मेस. क्लासवाले प्लेसमेंटची हमी देत होते. ती हमी लेखी द्या म्हटल्यावर मात्र फोनवरचा सूर बदलला. वडील कर्ज काढायला तयार होते. मी स्पष्ट विरोध केला. कर्जाचं ओझं डोक्यावर असताना मुलगी मुलाखतीला बसली, तर ती आणखी घाबरणार होती.

दुसरा पर्याय स्पर्धा परीक्षेचा. तालुक्याला अभ्यासिका आहे, महिना पाचशे-सातशेत भागतं, घरी राहता येतं. गावाकडं हा पर्याय फार लवकर पुढं येतो, कारण त्यात रोजचा खर्च कमी दिसतो. चार-चार वर्षं त्यात गेलेली मुलं तिनं गावात पाहिलेली होती. तिनं स्वतःच नको म्हटलं.

तालुक्याच्या एका संस्थेत तासिका तत्त्वावर शिकवण्याचं कामही मिळण्यासारखं होतं. आणि एक स्थळ आलेलं होतं. वडिलांनी ते लपवलं नाही, “यंदा नाही, पण पुढच्या साली बघावं लागंल” असं सरळ सांगितलं. म्हणजे हातात साधारण वर्ष होतं.

शेवटचा पर्याय मी मांडला: शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या अॅप्रेंटिसेस कायद्याखाली पदवीधर अभियंत्यांना कंपनीत वर्षभर प्रशिक्षण घेता येतं. तेव्हा पदवीधरांना महिना किमान ९,००० रुपये विद्यावेतन होतं आणि त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकार कंपनीला परत द्यायचं. वर्षानंतर कंपनीनं नोकरी द्यावीच असं बंधन नसतं. घरात त्यावर लगेच प्रश्न आला: “इंजिनिअर होऊन नऊ हजार?”

काय केलं

आधी मुलाखतीची तयारी. मी तिला स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पाठवलं नाही. पाठ केलेलं सेल्फ इंट्रोडक्शन बाजूला ठेवायला सांगितलं आणि विचारलं, “तुझ्या प्रोजेक्टबद्दल मराठीत सांग.”

प्रोजेक्ट होता विहिरीवरच्या मोटारीचा मोबाइल स्टार्टर. आमच्याकडं शेतीची वीज आळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला कुणीतरी अंधारात विहिरीवर जावंच लागतं. मिस्ड कॉल दिला की मोटर चालू व्हावी, अशी ती पेटी. बाजारात असे स्टार्टर मिळतात, त्यात नवीन काही नाही, हे तिनंच पहिल्यांदा सांगितलं. मग म्हणाली, तिची पेटी टेबलावर नीट चालायची आणि विहिरीवर नेली की बंद पडायची. पंधरा दिवस ती सगळीकडं चूक शोधत होती. शेवटी कळलं, की जीएसएम मॉड्यूल, म्हणजे पेटीतला मोबाइल नेटवर्कला जोडणारा भाग, सिग्नल पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं. विहिरीजवळ रेंज कमी, म्हणून मॉड्यूल पूर्ण जोर लावतं, पुरवठ्याचं व्होल्टेज बसतं आणि ते रिसेट होतं. तिनं पुरवठ्यावर मोठा कपॅसिटर टाकला आणि वायर जाड व आखूड केली. शिवाय एक फेज गेली तर मोटर जळू नये म्हणून प्रिव्हेंटरचा संपर्क मधे घेतला. हे सांगताना तिनं माझ्या टेबलावरचा कागद ओढून सर्किट काढलं, मला न विचारता.

हीच मुलगी मार्चच्या मुलाखतीत दोन वाक्यांत अडकली होती. आणि तिथं तिला प्रोजेक्टबद्दल एकही प्रश्न विचारला गेला नव्हता.

पुढचे काही आठवडे आम्ही तेवढंच केलं. आधी मराठीत, तांत्रिक शब्द इंग्रजीत. मग तेच छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत. मधेच तोडायचं, उलट प्रश्न विचारायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू द्यायचं नाही. विभागातले दोन प्राध्यापक आणि लॅब असिस्टंट आळीपाळीनं मुलाखत घ्यायला बसायचे. नकाराची सवय इथंच, फुकटात व्हावी, हा उद्देश होता. ‘वडील काय करतात?’ याचं उत्तरही बदललं: शेतकरी आहेत, आणि माझ्या स्टार्टरचे पहिले ग्राहक तेच.

जुलैमध्ये छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात शिकाऊ जागा निघाल्या. मी त्यांच्या एचआरला विनंती केली, की पहिली फेरी व्हिडिओवर घ्या, कॉलेजच्या लॅबमधून, तिथलं नेट पक्कं आहे. त्यांनी मान्य केलं. दुसऱ्या फेरीला ती गेली तेव्हा समोर उत्पादन विभागाचा माणूस होता, मराठी बोलणारा. त्यानं मॉड्यूल रिसेट होण्याचा किस्सा ऐकला, तिला फ्लोअरवर नेलं आणि एका पॅनलची वायरिंग दाखवून चूक शोधायला सांगितली. तिची निवड झाली.

घरच्या परवानगीचा प्रश्न मात्र माझ्या शब्दानं सुटला नाही. तो सुटला आमच्याच एका जुन्या विद्यार्थिनीमुळं. शेजारच्या तालुक्यातली, तीन वर्षं बजाजनगरला राहून वाळूजला नोकरी करणारी. तिनं मुलीच्या आईला फोन केला: शिफ्ट कधी सुटते, कंपनीची बस कुठं सोडते, खोलीत कोण कोण आहे, मालकीण कशी आहे. मग वडील स्वतः जाऊन खोली बघून आले. खोली आणि मेस मिळून साडेपाच हजार, म्हणजे नऊ हजारांत भागत होतं, घरून मागावं लागणार नव्हतं. ऑगस्टमध्ये ती रुजू झाली.

पुढं काय झालं

वर्षभरात ती पॅनल टेस्टिंगमध्ये तयार झाली. उमेदवारी संपताना कंपनीनं तिला कायम केलं नाही. ठेकेदारामार्फत काम देऊ केलं, हातात साडेसोळा हजार. हा आणखी एक निर्णयाचा क्षण. नाही म्हणून घरी गेली असती, तर परतायला पुन्हा परवानगी लागली असती, आणि स्थळाचा विषय पुढं आलाच असता. तिनं ते काम घेतलं, पण त्याच दिवसापासून दुसरीकडं अर्ज सुरू केले. आता ती शहरातच राहत होती. सुट्टीच्या दिवशी मुलाखत देऊन संध्याकाळी खोलीवर परत. सहा-सात नकार आले. त्यांबद्दल ती फोनवर अगदी सहज सांगायची. २०२५ च्या सुरुवातीला चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात कंपनीच्या रोलवर, म्हणजे ठेकेदाराशिवाय थेट कंपनीत, लागली, हातात चोवीस हजार.

पिंपरीची मुलगी सप्टेंबर २०२३ मध्येच एका आयटी कंपनीत लागली होती, सालाला तीन लाख वीस हजारांवर, आणि तिची एक पगारवाढही झाली. ८.१ ची मुलगी ७.६ च्या मुलीच्या दीड वर्ष मागं कायम झाली, तेही तिच्या सुरुवातीच्या पगाराहून कमी पगारावर. आमच्या खात्यात ही ‘प्लेसमेंट’ म्हणून जमा आहे. मला तो आकडा अर्धवट वाटतो.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी इंटर्नशिपच्या फॉर्मवर हुकली. सहा महिने शहरात राहायला तेव्हा साधारण चाळीस हजार लागले असते. तेवढी रक्कम बिनव्याजी मिळाली असती, तर दीड वर्ष वाचलं असतं असं मला वाटतं. राज्य सरकारनं २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली. फार मोठं पाऊल आहे ते. पण ती माफी पदवीपाशी संपते, आणि आमच्या मुली अडतात त्या पदवीनंतरच्या सहा महिन्यांत. २०२४ मध्येच आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना दहा हजार विद्यावेतन ठरलं. हिच्या वेळी ते नव्हतं. असतं तरी, पहिलं विद्यावेतन हातात पडेपर्यंत शहरातली खोली आणि जेवण कुणाच्या पैशानं, हा प्रश्न उरलाच असता.

कंपन्यांकडून माझी अपेक्षा दोनच गोष्टींची आहे. पहिली फेरी व्हिडिओवर घ्या, आणि मुलाखतीचा पहिला प्रश्न उमेदवारानं स्वतः बनवलेल्या वस्तूबद्दल विचारा. वाळूजच्या कारखान्यानं हे दोन्ही केलं, त्यांचं काही बिघडलं नाही. बाकीच्या कंपन्यांना मी तसं लिहिते. काही जण मानतात, बरेच जण ‘आमची प्रोसेस ठरलेली आहे’ म्हणतात.

आमच्याकडं दोन बदल झाले. माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून मुलाखतीच्या प्रवासाचा निधी सुरू झाला आणि तो बिलं न मागता, जायच्या आधी रोख दिला जातो. नंतर परतावा देण्याच्या पद्धतीत ज्याच्याकडं आधी खर्चायला पैसे आहेत त्याचाच फायदा होतो. शिवाय पुणे, चाकण, वाळूज इथं राहणाऱ्या माजी विद्यार्थिनींची यादी केली आहे. मुलाखतीच्या आदल्या रात्री मुलगी त्यांच्या खोलीवर उतरते.

एका मुद्द्यावर त्या मुलीचं आणि माझं अजून जुळत नाही. ती म्हणते, वाळूजला दीड वर्ष घालवण्यापेक्षा थेट पुण्याला जायला हवं होतं, क्लासचं कर्ज झालं असतं तरी चाललं असतं, आज पगार जास्त असता. मी म्हणते, २०२३ च्या जूनमध्ये ती पुण्यात कर्ज घेऊन बसली असती, तर ऑक्टोबरपर्यंत पैसे संपून ती घरी परतली असती. त्या वर्षी तशा परतलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. तिच्या धाकट्या भावानं यंदा डिप्लोमा पूर्ण केलाय. तो सध्या चाकणला, बहिणीच्या शेजारच्या इमारतीत कॉट घेऊन राहतोय आणि आठवड्याला दोन-तीन मुलाखती देतोय.